कोपऱ्यातली तीट

आमच्या कारखान्यात नेमणुकीचं पत्र मिळत नाही, शब्दावर माणूस घेतात. आधीपासून कामावर असलेलं कुणीतरी मालकांसमोर उभं राहून म्हणतं, "माझा माणूस हाय, घ्या." मालक घेतात. पुढं त्या माणसाच्या हातून काही बिघडलं, तर त्याला कुणी एक अक्षर बोलत नाही. मालक शेडच्या मधोमध येतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतात, "हा कुणाच्या शब्दावर आलाय?" मग ज्यानं शब्द दिला त्यानं हातातलं काम थांबवून सगळ्यांदेखत "माझ्या" म्हणायचं.

ऐकायला एवढंसं वाटतं. पण आपल्या मेव्हण्यासाठी शब्द दिलेल्या एका धडधाकट माणसाला मी हे "माझ्या" म्हणताना पाहिलंय. त्यानंतर तो डबा खायला पत्र्याच्या मागं जाऊन बसायचा, एकटा.

माझ्यासाठी शब्द दिला तो आईनं.

आई त्या कारखान्यात शिलाई खात्यात आहे. मागावरून उतरलेल्या टॉवेलच्या कडा दुमडून शिवायच्या, हे तिचं काम. वडील मार्केट यार्डात पोती वाहतात. दोघं मोडनिंबच्या बाजूनं सोलापुरात आले आणि भवानी पेठेत भाड्याच्या खोलीत राहिले, अजून तिथंच आहेत. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी मुद्दाम लिहितेय. काही लोक म्हणतात, आता त्यात काय एवढं, आता सगळेच शिकतात. ज्यांच्या घरात सगळेच शिकतात त्यांना तसं वाटत असेल. मी बी.कॉम. झाले तेव्हा वडिलांनी पदवीचा कागद हातात घ्यायच्या आधी हात धुतले होते.

पदवीनंतर मी झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करत होते आणि संध्याकाळी एक्सेलचा क्लास लावला होता. त्याच सुमारास कारखान्यातल्या डिझाइनवाल्या आजोबांचा हात थरथरायला लागला आणि ते काम सोडून मुलाकडं गेले. टॉवेलवर जी नक्षी विणायची, तिचा ग्राफ ते चौकटीच्या कागदावर ब्रशनं रंगवायचे. नक्षी अडली. मालक बाहेरून डिझाइनवाला शोधत होते आणि आई ते शिलाई खात्यातून ऐकत होती. ती उठली आणि म्हणाली, "माझी लेक काँप्युटरवर काय बी काढती. तिला घ्या की."

घरी येऊन तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "काय बी काढती म्हणालीस?"

"मग? काढतीस न्हवं?"

"आई, मला ग्राफ माहीत नाही. जकार्ड माहीत नाही."

"शिकशील की. पंधरा वर्सं शिकलीस, अजून आठ दिस शिकायला काय हुतंय?"

मालकांना सगळे अण्णा म्हणतात. घरात तेलुगू, कामगारांशी सोलापुरी मराठी. त्यांनी मला ऑफिसच्या कोपऱ्यात काँप्युटर दिला आणि एकच काम सांगितलं. बंगळुरूच्या एका व्यापाऱ्याला भेटवस्तूचे टॉवेल हवे होते. टॉवेलच्या बरोबर मधोमध ज्वारीचं एकच कणीस, आणि भोवती सगळी मोकळी जागा. "मोकळी जागा महत्त्वाची म्हणालाय तो," अण्णा म्हणाले. "आधी नमुना दाखवायचा. आवडला तर ऑर्डर."

ग्राफ समजायला मला आठ दिवस लागले नाहीत. ग्राफमधली प्रत्येक उभी ओळ म्हणजे ताण्याचा एक धागा आणि प्रत्येक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक धागा. मागावर नक्षी उचलणारं जे यंत्र असतं ते जकार्ड, आणि त्यासाठी प्रत्येक आडव्या ओळीचं एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड बनतं. ग्राफमध्ये काळा चौकोन असेल तिथं कार्डाला भोक पाडायचं. मागावर भोकाच्या जागी धागा उचलला जातो आणि नक्षी उमटते. मला वाटलं, हे तर एक्सेलच आहे! आडव्या ओळी, उभ्या ओळी, चौकोन. मी रकाने अरुंद केले, सगळ्या पानाला चौकटी आखल्या आणि जिथं कणीस होतं तिथं एक हा आकडा टाकत गेले. एक टाकला की चौकोन आपोआप काळा व्हायचा. बाकी रिकामं. एका आठवड्यात दाणा दाणा भरत कणीस उभं राहिलं. खरं सांगते, मला ते फार देखणं वाटलं.

मग मी प्रिंटचं बटण दाबलं, आणि प्रिंटर थांबेचना.

मी चौकटी आखल्या होत्या त्या हौसेनं पार लांबवर आखल्या होत्या. एक्सेलला वाटलं, हे सगळंच छापायचंय. कागदामागून कागद बाहेर पडत होते, नुसत्या चौकटी, कणसाचा पत्ता नाही. मी घाईत वायर उपटली तोवर अण्णा येऊन उभे. त्यांनी चार कागद उचलून उजेडात धरले. तेलुगूत लेकीबाळींनाही अम्मा म्हणतात, तसं ते मला म्हणायचे.

"अम्मा, कणीस कुठाय? नुसतं वावरच छापायलीस की."

ऑफिसातले सगळे हसले. मीही हसले, पण माझं लक्ष दाराकडं होतं. तिथून शिलाई खातं दिसतं. आईनं मान वर केली होती.

त्या दिवशी मी ठरवलं, पुन्हा एकही कोरा कागद बाहेर पडता कामा नये. एक्सेलमध्ये प्रिंट एरिया असतो. कुठून कुठंपर्यंत छापायचं ती हद्द आपण ठरवून द्यायची. ती हातानंही ठरवता येते, पण हातानं मी चुकणार याची मला खात्री होती. म्हणून मी मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे एक्सेलला लेखी दिलेला हुकूम. क्लासमधल्या सरांनी तो एकदा घाईघाईत दाखवला होता आणि मी वहीत उतरवून घेतला होता. हुकूम असा होता: खालून वर ये, जिथं शेवटचा आकडा सापडेल ती शेवटची ओळ. उजवीकडून डावीकडं ये, जिथं शेवटचा आकडा सापडेल तो शेवटचा रकाना. तिथवर हद्द आख. एक्सेलच्या भाषेत ते असं लिहायचं: पेजसेटअप, टिंब, प्रिंटएरिया, बरोबर ही हद्द. बाकीचं सोडून दे.

मॅक्रो चालवला. मोजके कागद आले, सगळ्यांवर कणसाचा काही ना काही भाग. मी अण्णांच्या टेबलासमोरून ते कागद नेताना जरा सावकाशच चालले. नंतर खळ लावून ते एकमेकांना चिकटवले आणि मोठा ग्राफ घेऊन पंचिंगवाल्या चाचांकडं गेले.

चाचा खिडकीखाली बसतात. समोर भोकं पाडायचं मशीन, पायाशी कार्डांची चळत. मी ग्राफ टेबलावर पसरला, त्यांनी चष्मा लावला.

"चाचा, एकदा नीट बघा हं. काही चुकलं असेल तर सांगा."

"नक्को बेटी. मैं देखता नै. कागज पे काला है तो भोक, सफेद है तो नै. अपना दिमाग नै लगाता." मग त्यांनी कारण सांगितलं. फार पूर्वी एका ग्राफमध्ये त्यांना फुलाची एक पाकळी जास्तीची वाटली. चूक असेल म्हणून त्यांनी ती गाळली. ती पाकळी गिऱ्हाइकानं मुद्दाम मागितलेली होती. "तब से कान पकड्या. जिसका कागज, उसका जिम्मा."

जिसका कागज, उसका जिम्मा. मी मान हलवली. पण जिम्मा माझा कुठं होता? तो आईचा होता.

दुपारी डबा खायला मी आईशेजारी जाऊन बसले. पंख्याची हवा गरम, मागांचा खडखडाट जेवायच्या सुट्टीपुरता थांबलेला. भाकरी आणि शेंगाची चटणी. मी भाकरीचा एकच तुकडा मोडत बसले होते. काहीतरी राहिलंय असं सारखं वाटत होतं. आईचं जेवण झालं होतं. तिनं एक शिवलेला टॉवेल घेतला, दोन्ही कडा एकमेकींवर ठेवल्या आणि मधोमध अंगठ्यानं घडी मारली. दिवसभर ती हेच करते. मी लाख वेळा पाहिलंय.

त्या दिवशी मात्र मी घडीकडं बघतच राहिले. माझा ग्राफ असा दुमडला, तर घडी कणसाच्या मधून जाईल का?

"भाकर टाकून कुटं निगालीस?" आई मागून ओरडली.

चाचा जेवून येऊन कामाला लागले होते. मी त्यांच्या हाताखालून ग्राफ ओढला, दोन्ही कडा जुळवल्या आणि दुमडला. कणीस घडीवर नव्हतं. ते पार एका बाजूला होतं, आणि देठ थेट कागदाच्या खालच्या कडेला टेकला होता.

हुकूम मीच दिला होता. शेवटचा आकडा सापडेल तिथवर छाप, बाकीचं सोडून दे. मॅक्रोनं सोडून दिलं. कणसाच्या उजवीकडची आणि खालची मोकळी जागा मी रिकामी ठेवली होती, आणि एक्सेलच्या लेखी रिकामं म्हणजे काहीच नाही. पण टॉवेलात ते रिकामं नसतं, तिथं धागे असतात. पांढरे असले म्हणून काय झालं, विणावे लागतातच. आमच्याकडं विणकाम खालून वर चढतं आणि चाचा ग्राफ उजवीकडून वाचतात. म्हणजे जी बाजू कापली गेली होती, नेमकी तिथूनच त्यांनी सुरुवात केली होती. व्यापाऱ्यानं मागितली होती मोकळी जागा, आणि मी तीच कापली होती.

"चाचा, थांबा. थांबा!"

"क्या हुआ? मैं डंठल पे आ गया बेटी."

देठाची कार्डं वाया गेली. चाचांनी ती बाजूला ठेवली. मी ऑफिसात पळाले. अण्णा फोनवर होते, त्यांची पाठ माझ्याकडं होती. मॅक्रो नव्यानं लिहायला धीर नव्हता. मग सुचलं की शेवटच्या कोपऱ्यात, अगदी खालच्या उजव्या चौकोनात, काहीतरी टाकलं की मॅक्रो तिथवर येईल. मी एक टिंब टाकलं. मॅक्रो चालवला. छापायच्या आधीचं चित्र उघडून बघितलं तर पूर्ण टॉवेल दिसत होता, चारी बाजूंनी मोकळा. छापून चिकटवला, दुमडला. घडी कणसाच्या मधून गेली. पुन्हा उलट बाजूनं दुमडला. तरी मधूनच.

चाचांकडं दिला आणि आईला जाऊन सांगितलं, "झालं आता. बरोबर आहे."

"मग तोंड का असं?" ती म्हणाली.

कार्डं पाडून, दोऱ्यानं एकमेकींना बांधून मागावर चढेपर्यंत माझं कशात लक्ष नव्हतं. घरी वडील विचारायचे, "कधी हाय ते इनायचं?" आणि आईच उत्तर द्यायची, जसं काही ती कार्डं तिनंच पाडली होती. शिलाई खात्यातल्या बायका तिला चिडवायच्या. "अक्का, लेकीनं कणीस पिकीवलं म्हनं. भाकरी कवा घालतीस आमाला?" आई म्हणायची, "मळणी हू द्या की आदी." ती हसायची, पण त्या दिवसांत ती मशीनवर बसताना सारखा पदर नीट करायची. ती घाबरली की पदर नीट करते. मला हे माहीत आहे हे तिला माहीत नाही.

नमुना विणायचा दिवस आला. व्यापारी संध्याकाळी येणार होता. मागवाल्यानं माग सुरू केला, मी शेजारी उभी राहिले. कापड मुंगीच्या पावलांनी पुढं सरकत होतं. पहिल्याच बोटभर विणीत, कोपऱ्यात, मला एक काळा ठिपका दिसला.

तेलाचा डाग असेल म्हणून मी माग थांबवायला लावला आणि नखानं खरवडलं. ठिपका हलला नाही. तो विणलेला होता.

टिंब! मी मॅक्रोसाठी टाकलेलं टिंब कागदावर छापलं गेलं होतं. चाचांना ते दिसलं, काळं दिसलं म्हणून त्यांनी भोक पाडलं. पहिल्या कार्डातलं पहिलंच भोक. मी धावत विचारायला गेले तर ते म्हणाले, "छोटा था, पर काला था ना?" जिसका कागज.

माग पुढं चालू होता. बाकी सगळं जसं हवं तसं उमटलं. देठ, मग पानं, मग दाणे. कणीस अगदी मधोमध, भोवती पांढरी शांत मोकळी जागा. मागवाला मान डोलावत म्हणाला, "झकास आलंय की ओ ताई." आणि मला कणीस दिसतच नव्हतं. मला फक्त कोपऱ्यातला ठिपका दिसत होता.

टॉवेल कापून मी आईकडं नेला आणि कोपरा पुढं केला. तिनं चष्मा वर केला, कापड डोळ्यांजवळ नेलं, उलटंपालटं करून बघितलं.

"डाग न्हाय ह्यो. इनलाय."

"माझ्यामुळं. काँप्युटरला शेवट दाखवायला मी तिथं टिंब ठेवलं होतं."

आई ठिपक्याकडं बघत राहिली आणि मग तिला हसू आलं. "तीट लावलीस व्हय ग? एवढं देखनं बाळ झालं म्हनून?"

"हसू नकोस ना. पार्टी येणार आहे."

"येऊ दी." तिनं कड दुमडली, एकदा, दोनदा. ठिपका दुमडीच्या पोटात गेला. मग तिनं मशीनची सुई त्यावरून चालवली. "कुटं हाय सांग आता."

कुठंच नव्हता. पण मला बरं वाटलं नाही. मी म्हणाले, "अण्णांना सांगते."

"आता कशाला?"

"उद्या पार्टीनं शिवण उसवून बघितली तर? अण्णा कुणाला विचारतील?"

आईनं पदर नीट केला. म्हणाली, "सांग मग."

मी सांगितलं. अण्णांनी टॉवेल उलटा केला, कोपरा दोन बोटांत धरून दाबला, उजेडासमोर धरला. दुमडीच्या आत बारीक सावली होती, कुणी दाखवली तरच दिसेल अशी. ते माझ्याकडं बघत नव्हते. टॉवेल हातात घेऊन ते शिलाई खात्याच्या मधोमध गेले. मी त्यांच्या मागं. एकेक मशीन गप्प होत गेलं.

"ही कुणाच्या शब्दावर आलीय?"

आई उठून उभी राहिली. "माझ्या."

तिचा आवाज कापला नाही.

"सांगा तिला," अण्णा आईला म्हणाले. मी त्यांच्या हातभर अंतरावर उभी होते. "कागदावर जे विणायचं नाही ते छापायचं नाही."

आई माझ्याकडं वळली. "ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं."

"ऐकलं म्हनती," आईनं अण्णांना सांगितलं. पाठीमागं कुणीतरी फिसकन हसलं.

नवा नमुना विणायला वेळ नव्हता. व्यापारी आला. धिप्पाड माणूस, बोलणं कमी. तेव्हा मी ऑफिसच्या दारात उभी होते आणि आई मशीनवर, हातात कापड, पण मशीन बंद. त्यानं टॉवेल टेबलावर पसरला, तळहातानं सपाट केला, मागं सरकून बघितला. मग कड हातात घेतली आणि अंगठा शिवणीवरून सरकवत कोपऱ्याकडं निघाला. अंगठा कोपऱ्याशी थांबला.

"शिलाई इथंच होते?" त्यानं विचारलं.

"आमच्या अक्का करतात," अण्णा म्हणाले.

"कोपरा चांगला बसवलाय." त्यानं टॉवेलची घडी घातली. घडी कणसाच्या मधून गेली. "अशी मोकळी जागा कुणी सोडत नाही हो. सगळे भरून टाकतात." आणि ऑर्डर सांगून टॉवेल त्यानं स्वतःच्या बॅगेत ठेवला. माझा ठिपका बंगळुरूला गेला.

तो गेल्यावर मी चाचांकडं गेले. त्यांनी पहिलं कार्ड सोडवलं आणि भोकावर खळीनं पुठ्ठ्याचा बारीक तुकडा चिकटवला. "अब सफेद," म्हणाले.

अण्णा मला काहीच बोलले नाहीत. सुट्टीच्या वेळी ते शिलाई खात्यात आले आणि आईला म्हणाले, "सांगा तिला, उद्या लवकर यायला. पुढचं डिझाइन द्यायचंय." मी तेव्हा आईच्या शेजारी तिचा डबा हातात घेऊन उभी होते.

पुढं मी मॅक्रो नीट लिहिला. त्याला टॉवेलची लांबीरुंदीच सांगून टाकली, आता टिंबाची गरज नाही. तरी मी ते ठेवते. त्याच खालच्या उजव्या चौकोनात, पांढऱ्या रंगात, म्हणजे कागदावर उमटत नाही. छापायच्या आधी शेवटच्या कोपऱ्यात जाऊन ते आहे ना बघते, छापून झालं की ते दिसत नाही ना बघते, आणि चाचांना द्यायच्या आधी ग्राफ दुमडून बघते. एवढं करूनही माग सुरू झाला की पहिली बोटभर वीण बघायला मी शेजारी जाऊन उभी राहतेच. आईला डिझाइनमधलं काही विचारायचं नसतं. नवा ग्राफ झाला असं घरी सांगितलं की भाकरी थापता थापता ती एवढंच विचारते.

"तीट लावलीस?"

"लावली."

मग ती पदराला हात न लावता पुढची भाकरी तव्यावर टाकते.